गाडी लागते, जहाज नाही

बुलढाण्याहून मलकापूरला निघालेली एसटी राजूर घाटात वळणं घेऊ लागली की मागच्या बाकावरून हाक येतेच : "ओ भाऊ, थांबवा ना गाडी, पोराले मळमळून राह्यलं!" आपल्याकडे याला गाडी लागणं म्हणतात. लिंबू हुंगायचं, खिडकी गाठायची, झालं. पण पुण्याला शिकणारा नातू म्हणतो, "आजी, मला नॉशिया होतोय." आजी दचकते. हा कुठला नवा ताप?

ताप नाही, जहाज आहे. शब्द लॅटिनमार्गे आलेला ग्रीक. मुळाशी 'नाउस', म्हणजे जहाज. संस्कृतातली 'नौ' तिचीच बहीण. थोडक्यात, जहाज लागणं! आता जिल्ह्यात खारं पाणी म्हणाल तर लोणारचं सरोवर, तेही उल्केच्या खड्ड्यातलं. तिथे कुठलं जहाज लागणार?

इंग्रजीतले कर्मठ आणखी बजावतात, 'नॉशियस' म्हणजे ज्याला मळमळतं तो नव्हे, ज्याच्यामुळे दुसऱ्याला मळमळतं तो. लोक ऐकत नाहीत, दोन्ही अर्थ चालतात. आमच्या मते कर्मठांचा अर्थ प्रचारसभेत तिसऱ्या तासालाही माईक न सोडणाऱ्या वक्त्यासाठी राखून ठेवावा.