भरवशाचा, पण एल-वन

संशोधनासाठी भरवशाचा लॅपटॉप कोणता, हे ठरवायला आमच्या विद्यापीठांत फार डोके लागत नाही. तीन दरपत्रके लागतात. ज्याच्याकडून घ्यायचे तोच दुकानदार उरलेली दोन आणून देतो. लेटरहेड निराळी, शुद्धलेखनाची चूक मात्र तिन्हींत तीच. तुलनात्मक तक्ता होतो, सर्वांत स्वस्त तो ‘एल-वन’ ठरतो आणि समिती चहा घेते.

यंदा भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने मोडता घातला. म्हणाली, सिम्युलेशन रात्रभर चालतं, पातळ लॅपटॉप नको. तो तापला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. दुकानात दोन मिनिटं पळालेलं यंत्र पहाटे रांगायला लागतं. मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली असली तर पुढे वाढवता येत नाही. आणि जमल्यास ईसीसी मेमरी द्या, म्हणजे एखादा बिट उलटला तरी चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते.

अध्यक्षांनी नमुन्याचा लॅपटॉप एका हातात तोलून पाहिला. “हलका आहे की गं! शिवाय बॅग फुकट.” तक्त्यात बॅगेचा रकाना होता. उष्णतेचा नव्हता.

“पण यंत्राचं गणित चुकेलच कसं?” लेखाधिकाऱ्यांनी विचारले. मुलीने दाखला दिला. 1994 साली अमेरिकेत थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि उत्तर काही जुळेना. खोट निघाली इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात. 4195835 ला 3145727 ने भागले की 1.3338 यायला हवे, ती 1.3337 द्यायची. कंपनी आधी म्हणाली, सामान्य माणसाला ही चूक 27,000 वर्षांतून एकदा भेटेल. संशोधक सामान्य माणसात धरायचे की नाही, यावर बरीच बोंबाबोंब झाली आणि शेवटी चिपा बदलून देण्यापायी कंपनीला 47.5 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

लेखाधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. “सत्तावीस हजार वर्षं? आपली वॉरंटी तर एकच वर्षाची आहे!”

तीन वर्षांची, जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी घेतली असती तर दर चढून एल-वनचा एल-टू झाला असता. वर 31 मार्चला निधी परत जाणार. सही झाली, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली. सध्या तो लॅपटॉप दोन कंपासपेट्यांवर, टेबलफॅनसमोर ठेवून चालवला जातो. पंखा मुलीने घरून आणला आहे, त्याची नोंद नाही.

तेव्हा संशोधक मंडळी, समितीशी वाद घालू नका. मागणीपत्रातच लिहून द्या: मेमरीचे दोन मोकळे स्लॉट, लिनक्सवर चालणारे वायफाय, चार तास पूर्ण भाराखाली वेग न उतरण्याची चाचणी, तीन वर्षांची वॉरंटी. अट कागदावर असली की समिती ती निमूट पाळते. नसली, तर खुद्द नाइसली समोर उभे राहिले असते तरी त्यांच्याही हाती एल-वनच पडला असता.