माडीची होडी

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या अशा, मोठ्यानं बोलायची सोय नाही. आपले हळदीचे अडतवाले दादा आहेत ना, ते होडी बांधून घेतायत! घाटावर असते तसली नव्हे हो. समुद्रातली, चौतीस फुटी. मागं गळ टाकायला ऐसपैस मोकळी जागा, पुढं घरच्यांना झोपायला खोली, आणि वर… थांबा, ते वरचं नंतर सांगते. स्पोर्ट फिशिंग बोट म्हणतात म्हणे तिला.

आता मार्केट यार्डात हळदीचे सौदे करणाऱ्या माणसाला हे सुचलं कुठून, तर गेल्या दिवाळीत मालवणला गेले होते, तिथं कुणाच्यातरी होडीत गळाला सुरमई लागली. झालं! कृष्णेत गळ टाकावा तर इथं काय लागेल ते भिलवडी-औदुंबरच्या माणसांना विचारा, मगरी काठावर ऊन खात पडलेल्या असतात.

आधी म्हणे कोयनेत ठेवायची म्हणत होते. वहिनींचं माहेर जावळीतलं, भाऊ बामणोलीला लाँचवर आहे, वासोट्याची माणसं पलीकडं सोडतो. तोच म्हणाला, ‘दाजी, शिवसागर पावसाळ्यानंतर भरलेला बघून भुलू नका. एकशे पाच टीएमसी पाणी असतं खरं, पण मे महिन्यात या. पाणी इतकं खाली जातं की धक्क्यापासून चिखल तुडवत जावं लागतं. आणि पलीकडं सगळं व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, तिथं तुमचे गळ कोण टाकू देतंय?’ दादांचा चेहरा असा पडला! पण गप्प बसतील तर ते दादा कसले. गोव्याचं ठरवलं. नाहीतरी होडी बारा फूट रुंद, आंबोलीच्या घाटातून उतरवणार कशी? बांधायची तीही तिकडंच.

तर काय सांगत होते… हां, गच्ची! परवा तो होडीचं डिझाईन करणारा पोरगा आला होता. मी आपली भडंगाचा रिकामा डबा परत द्यायला गेले होते, सहज. बघते तर वाळत घातलेल्या साळपापड्या एका कोपऱ्यात सारलेल्या आणि गच्चीभर खडूनं अख्खी होडी काढलेली, खरीखुरी मापं घेऊन. मधोमध प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यात दादा, हातात काठी! मोठा मासा ओढताना बसायची खुर्ची असते म्हणे, फायटिंग चेअर. अहो, मला हसू आवरेना.

आणि तिथंच वादाला तोंड फुटलं. तो पोरगा म्हणाला, मासे धरायच्या होडीचा मागचा काठ पाण्याला जवळ हवा, वाकून मासा आत घेता आला पाहिजे. वहिनींनी लगेच नातवाला उचलून खडूच्या रेघेवर उभं केलं. ‘याच्या छातीएवढा काठ कुठाय ते दाखवा आधी.’ कुणी बोलेना. तो पोरगा आपला खडू झटकतोय. शेवटी दादांच्या थोरल्या लेकीनं तोड काढली, वालचंदला मेकॅनिकलला आहे ना ती. काठ चांगला मांडीच्या वर घ्या, म्हणजे बाबांना टेकून उभंही राहता येईल, आणि मागच्या भिंतीत पक्क्या कडीचं दार ठेवा. मासा दारातून आत, नातू आतल्या आत. त्या पोरालाही पटलं.

मग माडी. हेच ते वरचं! होडीला माडी हवी दादांना, वर बसून चालवायची. लांबवर पक्षी पाण्यावर झडप घालताना दिसले की खाली मासा असतो, ते दिसायला म्हणे उंची लागते. शिवाय वर छप्पर, सोफा, पाहुण्यांना बसायला जागा. बामणोलीवाला तिथंच होता. म्हणाला, ‘दाजी, आमच्या लाँचच्या टपावर चार पोरं सेल्फीला चढली की लाँच कशी कलते ते बघायला या. वजन वर गेलं की होडी डुलणारच.’ आणि उंचावर बसणाऱ्याला तर तो झोका दुप्पट लागतो. वहिनींना एसटीत शेवटच्या बाकावर बसवत नाही, त्या माडीवर बसणार होय?

झोपायच्या खोलीचंही तेच. कागदावर होडीच्या नाकाशी काय छान त्रिकोणी पलंग दाखवलाय, पण लाट आली की सगळ्यात जास्त वरखाली होतं ते नाकच. हालचाल कमीत कमी कुठं, तर मधल्या भागात, खालच्या बाजूला. म्हणून वहिनींच्या सासूबाईंची, म्हणजे आक्कांची, जागा मधे हलवली. आणि मागं उन्हासाठी ताडपत्रीनं बंदिस्त करायचं सुनेच्या मनात होतं, तर होडी पुढं धावली की मागं पोकळी होते आणि इंजिनाचा धूर उलटा आत ओढला जातो म्हणे. डोकं दुखायचं आणि दोष समुद्राला!

आक्का तर काय, माळकरी. खडूच्या चौकटी बघत म्हणाल्या, ‘मासं धुणार तिथंच माझा चहा करणार व्हय रे?’ दादा खाली बघायला लागले. मग माशांची बर्फपेटी मागं, तिचं पाणी परस्पर बाहेर, नळ वेगळा, आणि आक्कांचा ओटा आत. ओट्यावर गॅस ठेवायचा म्हणाल्या, तर तो पोरगा पहिल्यांदा ठामपणे बोलला. आपल्या घरात गॅस गळला तर खिडकी उघडतो. होडीत तो हवेपेक्षा जड म्हणून खाली जाऊन तळात साठतो, आणि तिथं एक ठिणगी पुरते. सिलिंडर बाहेरच्या पेटीत, पेटीच्या बुडाला भोक, ते समुद्राकडं उघडं. आक्का म्हणाल्या, ‘मी थर्मास आणीन.’ विषय संपला!

दादा तरी चिकाटीचे. म्हणाले, गोव्यातच दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ बांधली, तिच्यातून दिलीप दोंदे 2010 साली एकटे जगाला फेरी मारून आले, आणि तुम्ही मला माडीवरून अडवताय? थोरली कशी फटकन बोलली बघा. ‘बाबा, ती छप्पन्न फुटी शिडाची होडी, आणि तिच्यात सोफा नाही. तिथंच बांधलेल्या ‘तारिणी’तून सहा मुली जग फिरल्या, त्यांनीही माडी मागितली नव्हती.’ अहो, चहा नाकात गेला माझ्या.

पण नंतर एक झालं हो. दादा उत्साहात भावकीतली नावं मोजायला लागले, कोण कोण येणार ते. वीस झाली, बावीस झाली… आणि वहिनींचा भाऊ हळूच म्हणाला, ‘ब्रह्मनाळ आठवतंय ना?’ 2019 च्या पुरात उलटलेली होडी. जीव वाचवायला म्हणून बसलेली माणसं, आणि होडीला पेलवेल त्याहून कितीतरी जास्त. गच्चीवर कुणी बोलेना. दादांनी स्वतः खडू घेतला आणि माडीवर काट मारली.

आता ठरलंय असं: माडी नाही, नुसतं हलकं छप्पर. माणसं आठ, तो आकडा दाराशी रंगवून घ्यायचा. शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदच असते आणि पावसात कोण जातंय, तेव्हा होडी तेवढे महिने शेडमध्येच. एवढा पैसा घालून! मला विचाराल तर भाड्याची होडी परवडली असती, पण दादांना कोण सांगणार.

तुम्हाला बोलावणं येईल, मला येणारच आहे. जायचं तर लाइफ जॅकेट साडीवरून का होईना घालायचं, फोटोत कसंही दिसो. आणि हे माझ्याकडून कळलं म्हणून कुठं बोलू नका हं.