मान सांभाळा

हे काका तुमच्याही इमारतीत आहेतच. दुसऱ्याचं सामान हलताना दिसलं की "थांब थांब, असं नाही!" म्हणत पुढे होणारे. आमच्या गोडदेवात सध्या ते भलतेच फॉर्मात आहेत. जुन्या बिनलिफ्टच्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात, रोज कुणाचं तरी बिऱ्हाड उतरतंय आणि काका हातवारे करत जिना अडवून उभे.

काकांचा जीव वीस इंची ब्लॅक अँड व्हाइट वेस्टन टीव्हीमध्ये. लाकडी कॅबिनेट, सरकती शटरं, खाली चार पाय. १९८३ च्या वर्ल्ड कपच्या आधी लॅमिंग्टन रोडवर घेतला आणि लोकलच्या लगेजच्या डब्यातून भाईंदरला आणला. २५ जूनच्या फायनलला अख्खी इमारत काकांच्या खोलीत कोंबली होती. टीव्ही देताना दुकानदार म्हणाला होता, "पिक्चर ट्यूबची मान नाजूक असते, मान सांभाळा." ते वाक्य काकांनी उभ्या जन्मासाठी उचललं.

कुणाचा फ्रिज उतरतोय, "मान सांभाळा!" फ्रिजला मान कुठे असते, हे विचारायची सोय नाही. शेजारच्या विहीणबाई रिक्षात बसताहेत, "मान सांभाळा!" त्या बिचाऱ्या गोडदेव नाका ओलांडेपर्यंत मान ताठ धरून बसल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसाने करारनामा पुढे केला, सगळे सही करायला वाकले आणि मागून आवाज आला, "मान सांभाळा!" काकांच्या सगळ्या सूचनांमध्ये ही सर्वांत समयोचित होती.

परवा काकांचीच पाळी आली. बिऱ्हाड सावंतवाडीला, गावच्या घरी. मुलगा म्हणाला, "बाबा, तिथे पंचावन्न इंची घेऊन देतो, हा डबा भंगारात द्या." काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पॅकर्सची पोरं आली आणि टीव्हीला चिकटपट्टी लावायला लागली. काका कडाडले, "पट्टी लाकडाला नाही! पॉलिश निघतं. आधी सुती चादर." प्लॅस्टिक थेट गुंडाळायचं नाही, लाकूड घामेजतं. पाय काढून वेगळे, बटणं पाकिटात, पाकिटावर नाव. त्याच पाकिटात लायसन्सचं पुस्तक; त्या काळी टीव्हीला लायसन्स लागायचं आणि पोस्टात पैसे भरावे लागायचे.

मग पोरांनी टीव्ही पाठीवर झोपवायला घेतला आणि काकांना भोवळ यायची बाकी राहिली. "अरे, आत पोकळी आहे! वीस इंची काचेवर बाहेरच्या हवेचा दाब टनाच्या वर. सगळं वजन पुढे, पडद्यात. मागे मान बोटभर काचेची. ती तडकली, आत हवा शिरली की ट्यूब मेली." मोठ्या खोक्यात जाड गादी, तिच्यावर टीव्ही तोंड खाली करून ठेवला गेला. बाजूंना गोधड्या ठासल्या. पाठीमागच्या फुगीर झाकणाभोवती काकांनी काहीतरी गुंडाळलं. बघतो तर त्यांच्या स्वतःच्या मानेचा पट्टा, डॉक्टरांनी दिलेला. "काका, तुमच्या मानेचं काय?" "माझी काय, दुरुस्त होते. याची ट्यूब आता बनत नाही."

टेंपोवाल्याला मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे काकांनी तोंडपाठ म्हणून दाखवले. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, दूरदर्शनचं जुनं अँटेनाचं प्रक्षेपण बंद झालंय. तिथे लावला तरी नुसत्या मुंग्या दिसतील. नेता कशाला?"

काकांनी खोक्याची झाकणं बंद करता करता चादर जराशी सरकवली. कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात पुसट लालसर बोट होतं. काकू दर दसऱ्याला तिथे हळदकुंकू लावायच्या. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. "पट्टीने तेही निघालं असतं," काका म्हणाले आणि लगेच टेंपोवाल्यावर ओरडले. काय ओरडले ते सांगायला नको.

हे सगळं मान्य करायला मला जड जातंय, कारण माझं सामान उतरताना या माणसाने मला पुरता वैताग आणला होता. पण एक कप फुटला नाही.

तेव्हा वाचकहो, घरात जुना टीव्ही असेल तर ट्यूब फोडून कचऱ्यात टाकू नका. त्या काचेत शिसं असतं, टीव्ही ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. गावाला न्यायचाच असेल तर पडदा खाली, गादी जाड आणि चिकटपट्टी फक्त खोक्याला. आणि इमारतीतल्या काकांना आधी विचारा. ते पैसे घेत नाहीत, फक्त ओरडतात.