लेसरराव

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ जिलबीकडे न पाहता तुमच्या नाकाकडे पाहू लागले आणि हळूच म्हणाले, "किती नंबर?", की समजावं, लेसरराव भेटले. उणे दोन सांगा नाहीतर उणे आठ, चेहऱ्यावर तीच करुणा. "अहो, कशाला वागवताय हे जोखड? पंधरा मिनिटांचं काम!"

मग आहेराचं रिकामं पाकीट उलटं होतं आणि हिशेब सुरू. कॉर्नियाची जाडी 540 मायक्रॉन. त्याचा वरचा पापुद्रा उचलायचा, ते गेले 110. एका नंबरामागे अंदाजे 14 मायक्रॉन उडवायचे, म्हणजे साडेतीनाला 49. "खाली शिल्लक किती? 381! अहो, 250 उरले तरी भागतं." बुबुळाचा ताळेबंद इतक्या हौसेने मांडणारा हा माणूस आयकराचं विवरण मात्र भाच्याकडून भरून घेतो.

पाठोपाठ इतिहास. 1981 साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत श्रीनिवासन नावाच्या आपल्याकडच्याच शास्त्रज्ञाने सणाच्या जेवणातली उरलेली टर्की आणली, तिच्यावर एक्सायमर लेसर सोडला आणि आजूबाजूला कुठेही न करपता सुबक छेद गेला. टर्की म्हणजे काय, हे लेसरराव हातवारे करून समजावतात तेव्हा पलीकडच्या आजी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवतात.

प्रत्यक्ष लेसर एका डोळ्यावर काही सेकंदच चालतो. कथन पाऊण तास. डोळे बधिर करणारे थेंब, पापण्या मिटू नयेत म्हणून लावलेला चिमटा, वर लुकलुकणारा दिवा, टकटक आवाज आणि जळक्या केसांचा वास. वासापर्यंत पोचतात तेव्हा नेमकी ऐकणाऱ्याच्या पानात बासुंदी पडते. "मी तर बिनधास्त पडून होतो," असा समारोप होतो.

"हो तर," वहिनी समोरच्या रांगेतून म्हणतात, "रिक्षात रामरक्षा म्हणत होतात ते कोण?"

ऑपरेशनशी माझं काही भांडण नाही. भर पावसात स्कूटर चालवणाऱ्या चष्मेवाल्याला विचारा, तो उद्याच नाव नोंदवेल. कॉर्निया पातळ असेल, नंबर अजून वाढत असेल, तर चांगला डॉक्टर स्वतःच नको म्हणतो. भांडण आहे ते ऑपरेशन होऊन इतकी वर्षं झाली तरी न संपलेल्या प्रचाराशी.

शिवाय, चष्मा गेला तरी त्याची खोड गेलेली नाही. बोलता बोलता मधलं बोट नाकाकडे जातं, नसलेली फ्रेम वर सरकवतं आणि चूक ध्यानात आल्यावर उगाच भुवई खाजवतं. खिशात चष्म्याच्या घराच्या जागी कोरड्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली आली. डॉक्टरांनी थेंब काही महिने सांगितले होते. लेसररावांनी ते धर्मकृत्य म्हणून चालू ठेवले आहेत. नाटकात, बँकेत, स्मशानातसुद्धा मान मागे टाकून ते थेंब सोडतात. सुरुवातीला रात्री प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसायचं. तेव्हा त्यांना नगरपालिकेचे खांबही देवाच्या तसबिरीसारखे प्रभावळीत उभे दिसत, आणि याचंही त्यांनी कौतुकच केलं.

खरी पंचाईत पंचेचाळिशीत झाली. थोरल्या भावाचाही नंबर उणे साडेतीनच. त्यांनी लेसर केलं नाही. ते चष्मा कपाळावर ढकलतात आणि औषधाच्या पट्टीवरची मुंगीएवढी तारीख घडाघडा वाचतात. जवळचं दिसण्याची ही निसर्गदत्त सोय लेसररावांनी पैसे मोजून काढून टाकलेली. आता पेपर धरायला त्यांचा हात पुरत नाही. डॉक्टरकडे गेले, तर त्यांनी शांतपणे सांगितलं, "लेसरने दूरचा नंबर गेला. वय कसं जाईल? संमतीपत्रात लिहिलं होतं." लेसररावांनी घरी येऊन संमतीपत्र शोधून काढलं. अक्षर फार बारीक होतं.

हल्ली हॉटेलात ते मेनूकार्ड न उघडता "आज ताजं काय आहे?" विचारतात. मोबाइलवरची अक्षरं इतकी मोठी केली आहेत की त्यांना आलेला निरोप शेजारची सीटही वाचते. टीव्हीजवळ अधिक दीड नंबरचा एक चष्मा असतो. कुणाचा म्हणून विचारलं, तर "पाहुण्यांसाठी ठेवलाय" असं उत्तर मिळतं. परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर दारातच आवाज आला, "अगं, तो पाहुण्यांचा चष्मा कुठे ठेवलास? माझं शब्दकोडं अडलंय!"