डावीकडचा गोंडा

“सर्व ग्रॅज्युएट्सनी आता आपापला गोंडा उजवीकडून डावीकडे घ्यावा,” अशी घोषणा माइकवरून होते आणि स्टेजवरचे चाळीस पदवीधर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. डावं-उजवं हा पाठ सिनिअर केजीच्या दुसऱ्या सहामाहीत होऊन गेला, पण त्या आठवड्यात निम्मा वर्ग कांजिण्यांनी घरी होता.

मार्च उजाडला की पनवेलात लग्नसराईच्या आधी ही एक सराई येते. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, खारघर, कुठेही जा. हॉलच्या दारात फुग्यांची कमान आणि तिच्याखाली काळ्या सॅटिनच्या झग्यात घामाघूम झालेली पाच वर्षांची माणसं. डोक्यावर चौकोनी टोपी, हातात रिबीन बांधलेली गुंडाळी. गुंडाळीत काय असतं हे विचारायचं नसतं. मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर एखाद्या परदेशी विद्यापीठाची धुक्यातली दगडी इमारत. तसाच खराखुरा दगडी मनोरा हार्बर लोकलने सव्वा-दीड तासावर, फोर्टात उभा आहे. पण तिथे पार्किंग मिळत नाही.

तो मनोरा ज्या विद्यापीठाचा, ते मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 रोजी स्थापन झालं. पनवेलला तेव्हा नगरपालिका होऊन पाच वर्षं झाली होती, म्हणजे इथे गटारांचा हिशेब आधी सुरू झाला आणि मुंबईत पदव्यांचा नंतर. हे विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर काढलेलं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची. पहिली मॅट्रिक 1859 मध्ये झाली. पहिले बी.ए. बाहेर पडायला 1862 साल उजाडलं, आणि ते पदवीधर एका बाकावर मावतील इतकेच होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, बाळ मंगेश वागळे. विद्यापीठाला स्वतःचं पदवीदान सभागृह मिळायला 1874 उजाडलं, आणि शेजारचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. टॉवरला पैसे दिले कापसाच्या आणि शेअरच्या बाजारातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आपल्या आईचं. नकाशे काढले जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. मुंबईला ते कधी आलेच नाहीत. झग्याचीही तीच कथा. मध्ययुगातल्या युरोपात पाद्री आणि विद्यार्थी दगडी, बिनशेगडीच्या दालनांत कुडकुडत बसायचे, तेव्हा हे लांब काळं पांघरूण अंगाला ऊब द्यायचं. पनवेलात ते घामोळं देतं. मोठ्यांच्या जगात त्याच्यावर संक्रांत आलीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये समारंभांसाठी हातमागाचे पोशाख सुचवले, 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून भारतीय पोशाख ठरवायला सांगितलं. थोडक्यात, ज्यांनी पदवी मिळवली त्यांच्या अंगावरून झगा उतरतो आहे आणि ज्यांना अजून बुटाची नाडी बांधता येत नाही त्यांच्या अंगावर चढतो आहे.

तर गोंडा. हा गोंडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेण्याचा विधी अमेरिकेतला. रानडे-भांडारकरांना त्याची गरज पडली नव्हती. पण पनवेलात झगा एक वेळ आखूड असला तरी चालतो, गोंड्यात तडजोड नाही. तो सोनेरी असावा की शाळेच्या रंगाचा, यावर पालकांच्या ग्रुपवर जानेवारीपासून चर्चा चालू असते. कोणी तरी मतदान घ्या म्हणतं, मतदानात बरोबरी होते, मग दोन रंगांचा गोंडा ठरतो आणि वर्गणी वाढते. प्रत्यक्ष समारंभात घोषणा झाल्यावर पहिल्या रांगेतले बाबा ओरडतात, “लेफ्ट, बेटा, लेफ्ट!” आणि स्वतःचा डावा हात उंच करून दाखवतात. बेटा समोर उभा असल्यामुळे आरशात बघावं तसं बरोबर उलटं करतो. आजी मागून सांगते, “अरे सोन्या, जेवतोस ना, त्या हाताच्या पलीकडे!” शिक्षणशास्त्राच्या कसोटीला उतरेल अशी त्या अख्ख्या हॉलमधली ही एकच सूचना, पण सोन्या डावखुरा. एकाचा गोंडा तोंडात आहे. एकीने शेजारणीचा ओढून पाहिल्यामुळे टोपीसकट तो खाली आला आहे आणि दोन्ही पदवीधर रडत आहेत. कसेबसे चाळीसपैकी एकोणतीस गोंडे डावीकडे जातात, टाळ्या पडतात, आणि मग व्हिडिओवाला हात वर करून म्हणतो, “घ्या, नीट नाही आलं. एकदा परत.” परत म्हणजे आधी सगळे गोंडे उजवीकडे. म्हणजे एकोणतीस मुलांच्या पदव्या जागच्या जागी रद्द करून, पाच मिनिटांत पुन्हा बहाल करायच्या. खऱ्या पदवीत चूक झाली तर किती फॉर्म, किती खेपा! इथे व्हिडिओवाल्याच्या एका बोटावर काम होतं. मधल्या पाच मिनिटांत ती मुलं नेमकी कोण असतात, यावर कोणाचंही परिपत्रक निघालेलं नाही. प्रमुख पाहुणे तोवर घड्याळ बघतात. त्यांना अजून दोन दीक्षान्त भाषणं करायची असतात. भाषण तिन्हीकडे एकच: उद्याच्या भारताचं भवितव्य समोर बसलं आहे. भवितव्याला त्या वेळी शू लागलेली असते.

या सगळ्यात एक बाई स्टेजवर गुडघ्यांवर बसलेली दिसते. तोंडात चार यू-पिना, हातात टोपी. ती मिस. ती एम.ए., बी.एड. आहे. अख्ख्या स्टेजवर खरी पदवी असलेली ती एकटी आणि झगा नसलेलीही ती एकटी. तिला महिन्याला काय मिळतं हे माइकवरून कोणी सांगत नाही, कारण फुग्यांच्या कमानीचा खर्च त्याच्या आसपास जातो. तिची मैत्रीण जवळच्याच एखाद्या कॉलेजात सेट पास होऊन, पीएच.डी. करून, घड्याळी तासावर शिकवते. तास झाला तर पैसे, सुट्टी आली तर नाही, मे महिना उपाशी. ज्या देशात एवढं शिकलेल्या माणसाला तासाच्या भावाने लावतात, त्या देशाला पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर पदवीची टोपी ठेवताना लाज कशी वाटत नाही? गोंड्यावर मतदान घेणाऱ्या पालकांपैकी एकानेही कधी मिसच्या पगाराबद्दल हात वर केला आहे काय? डावा किंवा उजवा, कुठलाही चालला असता.

ताराबाई मोडक याच मुंबई विद्यापीठातून 1914 मध्ये बी.ए. झाल्या. पदवी घेऊन त्या बालवाडीकडे वळल्या. हल्ली बालवाडीच पदवीकडे वळते. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला बालवाडीचं काम उभं केलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुलांना आधी आंघोळ घालायची, नखं कापायची, मग शिंपले, बिया, पानं घेऊन शिकवायचं. त्या साहित्यात गोंडा नव्हता. आजच्या एखाद्या पनवेलकर संचालकांनी ती बालवाडी पाहिली असती तर “अँबियन्स नाही” म्हणून गाडी वळवून परत आले असते.

पदवी हातात पडल्यावर पुढचं शिक्षण, म्हणजे पहिली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला बंदी केली आहे. म्हणून परीक्षा होत नाही, ‘इंटरॅक्शन’ होतं. फरक एवढाच की परीक्षेत मुलाला प्रश्न विचारतात आणि इंटरॅक्शनमध्ये मुलाला प्रश्न विचारून आईबाबांचा घाम बघतात. आई पदवीदानाचा लॅमिनेट केलेला फोटो फाइलमध्ये सर्वांत वर लावून आणते. टेबलापलीकडच्या बाई फोटो बाजूला सारतात आणि पदवीधराला विचारतात, “बाळा, तुझा डावा हात कुठला?”

यंदा काही ठिकाणी प्लेग्रुपचंही पदवीदान आहे. अडीच वर्षांच्या मुलाला झग्यात धड चालता येत नाही, म्हणून आईने झगा घालून मुलाला कडेवर घ्यायचं ठरलं. त्यासाठी एक बाबा बाजारातल्या फॅन्सी ड्रेसच्या दुकानात गेले. भाजीवाली, वाघ आणि झाशीची राणी यांच्या मधल्या खुंटीवर झगे टांगलेले होते. अठरा नंबर होता, वीस होता, बावीस होता. मोठ्या माणसाचा आहे का, असं विचारल्यावर दुकानदाराने काउंटरवरून मानही वर केली नाही.

“मोठा ठेवत नाय साहेब. पदवीला कोण घालतो आता?”