अस्सलराव

आमच्या सोसायटीत त्याला आता कुणी नावाने हाक मारत नाही. मी गमतीने ठेवलेलं 'अस्सलराव' हे नाव त्याच्या आईच्याही तोंडी बसलं आहे. वय एकतीस, नोकरी हिंजवडीत, पगार घसघशीत आणि पायात अंगठा तुटलेली चप्पल. चप्पल तशी का, तर पगार जपानला जातो.

अस्सलराव जपानी ॲनिमेतल्या पात्रांचे पुतळे जमवतो. 'पुतळे' म्हटलेलं तो एक वेळ सहन करतो, 'बाहुल्या' म्हटलं की दोन दिवस जिन्यात ओळख दाखवत नाही. 'फिगर' म्हणायचं. त्यातही कुळं आहेत. दहा सेंटिमीटरची, धडापेक्षा डोकं मोठं ती नेंडोरॉइड. पात्राच्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाची, घडीव चुण्यांची ती स्केल. आणि जपानातल्या क्रेनच्या खेळात लोक जिंकून आणतात ती प्राइझ फिगर. प्राइझवाल्यांकडे तो ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने आमच्याकडे जुने सभासद भाडेकरूंकडे बघतात.

एकदा मी कपाटापुढे उभा राहून विचारलं, "हा डोराएमॉन कितीला पडला?"

"काका, ती हात्सुने मिकू आहे."

गुडघ्याखाली आलेले दोन निळसर शेपटे असलेली ती मुलगी म्हणे मुळात ॲनिमेतली नाहीच. साप्पोरोच्या एका कंपनीने 2007 साली गाणारी संगणक प्रणाली काढली, तिचा हा चेहरा. पुढची चाळीस मिनिटं मी उभाच होतो. बसायला खुर्ची होती, पण तिच्यावर रिकामी खोकी होती. खोकी टाकायची नसतात. खोकं गेलं की निम्मी किंमत गेली, असं त्याचं शास्त्र सांगतं.

त्याचा खरा जीव मात्र फिगरमध्ये नाही, ती अस्सल असण्यात आहे. नकली मालाला हे लोक 'बूटलेग' म्हणतात, आणि तो शब्द अस्सलराव घरात पाल दिसल्यासारखा उच्चारतो. पारख करताना खोक्यावर निर्मात्याचं नाव आहे का पाहायचं. ड्रॅगन बॉल किंवा वन पीस असेल तर तोएईचा मांजरवाला चकाकता स्टिकर शोधायचा. केसांची टोकं सुईसारखी हवीत. बोथट असली तर संपलं. कातडी तेल चोपडल्यासारखी चमकता कामा नये. डोळ्यांची छपाई तसूभरही सरकलेली नको. आणि सगळ्यात शेवटी वास. नकली मालाला बहुधा उग्र रासायनिक दर्प असतो. "आणि काका, किंमत परवडली तर समजायचं, गडबड आहे."

हे ज्ञान आपल्याला इंटरनेटने दिलं, अशी त्याची समजूत आहे. मला तसं वाटत नाही. त्याचे वडील, आमचे अण्णा, एप्रिलमध्ये मार्केट यार्डात काय करतात ते मी पाहिलंय. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण अण्णांचं नाक त्याच्या कितीतरी आधीपासून मानांकन देत आलंय. पेटीवर 'देवगड' छापलंय याला ते कवडीची किंमत देत नाहीत. पेंढा बाजूला सारायचा, आंबा उचलायचा, देठापाशी नाक न्यायचं, डोळे मिटायचे. मग दुकानदाराकडे बघत म्हणायचं, "कर्नाटक." बापलेकाचं एकमेकांबद्दलचं मत मात्र एकच आहे: पैसे उधळतो.

खरेदीचा मुहूर्त तर विचारूच नका. आज नोंदवलेली फिगर साधारण वर्षाने येते. मध्ये कारखान्याने तारीख पुढे ढकलली तर आणखी उशिराने. इतक्या अवधीत आमच्या सोसायटीचा पुनर्विकास सोडून काहीही होऊ शकतं. जुनी हवी असेल तर टोकियोत नाकानो ब्रॉडवेतल्या मांदाराकेसारखी दुकानं आहेत. जुना माल विकणारे जपानी दुकानदार खोक्याचा चेपलेला कोपरासुद्धा स्वतःहून कळवतात. लग्न जुळवणाऱ्यांनी हा शिरस्ता पाळला असता, तर किती घरं वाचली असती!

मग जकात. डिसेंबर 2019 पासून परदेशातून भेटवस्तू म्हणून बिनशुल्क काही मागवायची सोय बंद झाली. सवलत उरली ती राख्यांना आणि प्राणरक्षक औषधांना. अस्सलरावाने मला गंभीरपणे विचारलं होतं, "काका, हातात दोरा बांधून पाठवायला सांगितलं तर?" आयात खेळण्यांवरचं मूळ शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय शिक्काही सक्तीचा. "पण हे खेळणं नाहीच ना, कलेक्टिबल आहे!" तो कळवळून सांगतो. त्याच्या आईचं म्हणणं, सरकारचं आणि तिचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालंय.

उन्हाळ्यात त्याच्या खोलीत एसी चालतो, कारण पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं आणि एका पायावर तोललेली फिगर हळूहळू कलते. अण्णा हॉलमध्ये पंख्याखाली घाम पुसत असतात. तेही कलू लागलेत, पण त्यांचं खोकं केव्हाच गेलं.

गेल्या मे महिन्यात 22,000 येनांची स्केल आली. शुल्क, टपालखर्च धरून रुपयांत किती झाले, ते त्याने आईला सांगितलेलं नाही आणि मीही इथे लिहिणार नाही. ही उघडायची नाही, असं ठरलं होतं. टेपसुद्धा न कापता ती कपाटावर ठेवून तो ऑफिसला गेला. संध्याकाळी परतला तर डायनिंग टेबलावर खोकं उघडं, प्लॅस्टिकचा साचा बाजूला, आणि अण्णा चष्मा कपाळावर चढवून फिगरच्या डोक्यापाशी नाक नेऊन बसलेले.

"अण्णा! सील होतं ते!"

"पेटी न उघडता माल कसा कळणार रे?" अण्णांनी डोळे मिटले, पुन्हा एकदा हुंगलं आणि फिगर टेबलावर ठेवली. "अस्सल आहे. चांगली मिळाली."

अस्सलराव दोन दिवस जेवला, पण बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कपाटातून एक नारुतो काढून मुकाट्याने अण्णांपुढे धरला. कॉलेजात असताना घेतलेला, त्याचा पहिलावहिला.

"याचा बघता का जरा?"

अण्णांनी नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. "कर्नाटक."

दिवाळीत आमच्या सोसायटीतल्या पोरांनी प्रतापगड केला. बुरुजावर दोन मावळे आहेत आणि महादरवाजावर पहाऱ्याला नारुतो.