वाघ दिसला का?

शनिवारी सकाळी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागली की कठड्यावरची माकडं ड्युटीवर हजर होतात. काच खाली येते, वेफर्सचं पाकीट बाहेर येतं. माकड ते मधोमध फाडतं, आतला मसाला चाटतं आणि पाकीट दरीत सोडून देतं. मागच्या सीटवरून आरोळी येते, "मम्मी, वाइल्डलाइफ!" मम्मी मोबाइल सरसावते. इथून पुढे महाबळेश्वर, तापोळा, बामणोली, कास असा जो पट्टा लागतो, त्याला हल्ली निसर्ग पर्यटन म्हणायची पद्धत आहे. माकडाच्या पोटदुखीचं खातं मात्र अजून कोणाकडे दिलेलं नाही.

आम्ही वाईकर तसे असल्या देखाव्यांना सरावलेले. कृष्णेच्या काठावर 'गंगाजल'वाल्यांनी बिहार उभा केला, 'दबंग'वाल्यांनी उत्तर प्रदेश, आणि मेणवलीत शाहरुख खान 'स्वदेस' करून गेला. शूटिंग संपलं की सेट उतरतो, घाटावर पुन्हा धुणी सुरू होतात. गंमत अशी, की आता कोयनेच्या रानालाही लोक सेटच समजायला लागले आहेत. पाहिजे तिथे लाइट, पाहिजे तेव्हा धुकं, आणि गाइडने इशारा केला की डावीकडून वाघाची एंट्री.

आता या वाघाची कुंडली ऐका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान जोडून जानेवारी 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. क्षेत्र साधारण 1165 चौरस किलोमीटर. कागदावर वाघ, कमानीवर वाघ, साहेबांच्या जीपवर वाघ, फक्त रानात वाघ म्हटला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. मे 2018 मध्ये एका कॅमेऱ्यात एक वाघ आला, तेव्हा कंदी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पुढे डिसेंबर 2023 पासून एकेक नर दिसू लागला. त्यांची नावं सेनापती, सुभेदार आणि बाजी. सातारच्या मुलखात पाऊल टाकलं की वाघालाही सरदारकी चुकत नाही. पण नुसत्या सरदारांनी गादी पुढे चालत नाही, म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबाची वाघीण चांदोलीत आणली. असे एकूण आठ वाघ आणायला केंद्राची परवानगी आहे. त्यांच्या पानात काही पडावं म्हणून सांगलीच्या सागरेश्वरातून चितळंही आणून सोडली गेली. सागरेश्वर म्हणजे धों. म. मोहिते नावाच्या माणसाने बोडक्या डोंगरावर झाडं वाढवून उभं केलेलं अभयारण्य. कौतुक हेच, की आधी रान झालं, पाहुणे मागून आले. आपल्याकडे आधी पार्किंगची जागा धरतात.

वाघ आले, तेव्हा आता ते दाखवा, अशी मागणी सुरू झाली. ताडोबात दिसतो, मग इथे का नाही? अहो, ताडोबाचं रान उन्हाळ्यात पानं गाळतं, पाणवठे मोजके राहतात, वाघाला पाण्यावर यावंच लागतं. इथलं रान बाराही महिने हिरवं. जांभूळ, अंजनी, हिरडा यांची छपरं वरून एकमेकांत गुंतलेली आणि खाली कारवी अशी दाट, की दहा हातांवर गवा उभा असला तरी तो शिंकल्याशिवाय कळायचा नाही. पाटण तालुक्यातल्या पाथरपुंजला पाऊस इतका कोसळतो की चेरापुंजीचं नाव शेजारी घेतात. अशा रानात शेकरू दिसेल, नशिबात असेल तर धनेश डोक्यावरून पंख फडफडवत जाईल, भेकर भुंकून पळेल, अस्वलाने उकरलेलं वारूळ दिसेल आणि पाऊस लागला तर जळवा स्वतः येऊन भेटतील. वाघ दिसायचा नाही. इथे त्याला दडायला जागा आहे, हीच तर या रानाची मिळकत.

हे बामणोलीच्या धक्क्यावर कोणी ऐकून घेत नाही. वासोटा किल्ल्यावर जायला तिथून बोट. पलीकडे मेट इंदवलीला उतरलं की वनखात्याची चौकी. पावती फाडायची, सामान दाखवायचं, प्लास्टिक मोजून द्यायचं, अनामत ठेवायची, परतताना तेवढंच प्लास्टिक दाखवून पैसे परत घ्यायचे. इतकी साधी आणि इतकी नेमकी योजना सरकारी खात्याच्या डोक्यातून निघाली, याचं मला अजूनही नवल वाटतं. परवा एका गटाची मोजणी चालली होती.

"पाण्याच्या बाटल्या सा, बिस्किटाचे पुडे चार. आन् ह्ये काय हाय साहेब?"

"स्पीकर आहे. छोटा आहे."

"त्यो हितंच ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण वरती म्युझिक नको का? एवढं चालायचं म्हणजे!"

वनरक्षकाने काही न बोलता स्पीकर टेबलाखाली सरकवला आणि वहीत लिहिलं, 'स्पीकर नग 1'. संध्याकाळी गट उतरला. बाटल्या सहाच्या सहा परत आल्या, पैसे जायचे होते ना! तोंडात तक्रार एकच : "व्याघ्रगड म्हणतात वासोट्याला, आणि साधा ठसासुद्धा नाही!"

ज्या मेट इंदवलीत ही मोजणी चालते, तिथे पूर्वी गाव नांदत होतं. कोयनेचं धरण झालं, शिवसागर जलाशय भरला, खोऱ्यातली गावं उठली. चांदोलीची गावं अभयारण्यासाठी उठली आणि त्यांचे लोक पुनर्वसनासाठी श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षं रस्त्यावर बसले. वाघाला जागा हवी म्हणून शेतकरी उठला, हे एक वेळ पोटात घालू. पण शिवसागराच्या मोकळ्या झालेल्या पाण्यावर आता मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र आहे आणि जेट स्की फिरतात. म्हणजे बैलाच्या घुंगरांनी वाघ बिथरत होता, इंजिनाच्या आवाजाने त्याला अंगाई लागते! वर 'नवीन महाबळेश्वर'चा आराखडा आहे, दोनशेहून अधिक गावांचा. त्यातही निसर्ग हा शब्द भरपूर आहे म्हणतात. जुन्या महाबळेश्वराचं काय केलं याचा हिशेब मिटवून मग नवं काढलं असतं तर बरं झालं असतं.

कास पठाराचा किस्सा याहून सरस. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा ठरवल्या, त्यात आपली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. प्रमाणपत्र आलं, पाठोपाठ गर्दी आली. पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं बाहेर ठेवली आणि माणसं तिकीट लावून आत घेतली. शतकानुशतकं चरणारी गुरं ही त्या पठाराच्या व्यवस्थेतलीच, असं जाणकार सांगत राहिले. शेवटी कुंपण काढलं. आता दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या समित्या कारभार बघतात. गावातली पोरं शिट्टी घेऊन उभी असतात, हे चांगलंच. तिथे सीतेची आसवं नावाचं बोटभर उंचीचं जांभळं फूल आहे. कातळावरच्या चिमूटभर मातीत पोषण नाही म्हणून ते बारीक जीव पकडून खातं. त्याच्यावर आडवं पडून सेल्फी काढणारे महाभाग पाहिले की वाटतं, याला अंमळ मोठं तोंड असतं तर शिट्टीवाल्या पोराचं काम हलकं झालं असतं.

आणि आपल्या माणसाला शिस्त जमत नाही असंही नाही बरं का. रवांडात गोरिला बघायचे तर परवाना 1500 डॉलरचा. एका गटात आठ माणसं, गोरिलांसमोर एक तास, खोकला आला तर तोंड फिरवायचं. परवान्यांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा आसपासच्या गावांसाठी. तिकडे जाऊन आलेले आपलेच मराठी काका-काकू त्या एका तासाची गोष्ट तासभर सांगतात, तीही दबक्या आवाजात. तेच काका बामणोलीजवळच्या शेंबडीच्या धक्क्यावर बोटवाल्याशी शंभर रुपयांवरून हुज्जत घालतात आणि बोट सुटली की "गणपती बाप्पा" म्हणून असे ओरडतात की पलीकडच्या काठावरचं सांबर चांदोलीला पोचावं. डॉलर मोजला की रान पवित्र होतं, रुपया मोजला की ते आपल्या बापाचं.

तेव्हा या हंगामात येणार असाल तर चार गोष्टी सांगतो. घाटात काच वर ठेवा. माकडाला त्याचं जेवण त्याला माहीत आहे. कासला शनिवार-रविवार सोडून या. मुक्काम तलावात पाय बुडवून बसलेल्या काचेच्या खोलीत करण्यापेक्षा बामणोली-तापोळ्याकडे कोणाच्या घरी करा, नाचणीची भाकरी खा आणि सांगतील तितके पैसे द्या. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांना निसर्ग पर्यटनातून मिळणारा सरळ पैसा तेवढाच आहे. वासोट्याची बोट सकाळी लवकर धरा, कारण गडावर मुक्कामाला बंदी आहे आणि सूर्य मावळायच्या आत खाली यावं लागतं. पावसाळ्यात वाट बंद असते, तेव्हा ओळखीच्या साहेबाला फोन लावू नका. आणि गाइडला वाघाचं विचारू नका. त्याला दिसला असला तरी त्याने तुम्हाला सांगू नये, अशी माझी वनखात्याला विनंती आहे.